नकाशा खाणारी वाळवी

एका जंगलात, मुलांनो, कोणाचेच घर त्याच्या नकाशासारखे नव्हते, आणि तरीही सर्वजण आपापल्या घरात सुखाने झोपत असत. हे कसे, ते सांगते. नीट मांडी घालून बसा. मागच्या ओळीने कुजबुजू नये.

त्या जंगलात घरांचे नकाशे हुदहुदराव काढत असत. डोक्यावर तुरा, चाल ऐटबाज. सागाच्या पानावर ते चोचीने अशी वळणे काढत, की पाहणाऱ्याने मान डोलवावी. घरे बांधण्याचे काम सुगरणबाईंकडे होते. रोज सकाळी त्या नकाशाचे पान घेऊन हुदहुदरावांच्या फांदीवर जात, आणि दोघांचे भांडण सुरू होई.

“राव, हा जिना हवेत संपतो.”

“बाई, तो संपत नाही. तो आकाशाकडे झेपावतो.”

“सशाला आकाशात काय काम आहे?”

पुढ्यातली जांभळे संपेपर्यंत भांडण चाले. मग सुगरणबाई जात आणि घर बांधत. जिना जमिनीला टेके. खिडकी वाऱ्याच्या बाजूला येई. तयार घर पाहून हुदहुदराव दुःखाने डोळे मिटत, आणि ससा आत जाऊन पाय पसरत असे.

एकदा शेजारच्या जंगलाचा वाघ पाहुणा म्हणून आला. त्याने नकाशाचे पान सशाच्या घराशेजारी धरले आणि मिशांतल्या मिशांत हसला.

“नकाशा एक, घर दुसरे. सिंह महाराज, आपल्या राज्यात आपल्याशिवाय आणखी कोणी राज्य करते काय?”

सिंहाला त्या दिवशी जेवण गेले नाही. त्याचा प्रधान होता कोल्हा. त्याने लगेच उपाय शोधला.

“महाराज, वाळवी नेमू. ती नकाशाचे पान खाते आणि जे खाते तेच मातीत बांधते. मध्ये कोणी नाही. भांडण नाही. जांभळांचा खर्चही नाही.”

वाळवी आली. तिने कासवाच्या चौथऱ्याचे पान खाल्ले आणि दुपारपर्यंत चौथरा उभा केला. एकही वळण इकडचे तिकडे झाले नव्हते. हुदहुदरावांना आनंदाने हुंदका आला. माकडांनी ढोल वाजवले. सिंह स्वतः नाचला, आणि तो नाचत असल्यामुळे सर्वांना नाचावे लागले. चौथरा इतका उंच होता, की कासवाला वर चढता येईना. पण आनंदाच्या प्रसंगी कासवाकडे कोण पाहतो?

सुगरणबाईंना मोठे पद मिळाले. प्रत्येक नकाशाची दोन पाने निघू लागली. एक पान वाळवी खाई. दुसरे बाईंनी घराशेजारी धरायचे आणि मोठ्याने म्हणायचे, “जुळते.” एवढेच त्यांचे काम.

त्याच सुमारास गजराबाई नावाच्या हत्तिणीचे दिवस भरत आले. माळावर तरसांची टोळी नवजात पिलांसाठी टपलेली असे. गजराबाईंना बाळंतपणासाठी भिंतींआड जागा हवी होती. त्यांचे दुसरे काहीच मागणे नव्हते.

हुदहुदरावांनी जीव ओतून नकाशा काढला. भिंती कमळाच्या पाकळ्यांसारख्या. कोपऱ्यात हसरा सूर्य. घराचा आकार समजावा म्हणून शेजारी सोंड उंचावलेली एक हसरी हत्तीण, आणि तिच्याखाली टीप : ‘हत्तीण साधारण एवढी.’

वाळवीने पान खाल्ले. कमळाच्या पाकळ्यांसारख्या भिंती उभ्या राहिल्या. कोपऱ्यात मातीचा सूर्य हसू लागला. शेजारी मातीची थोरली हत्तीण उभी राहिली, आणि तिच्या पायाशी सुबक अक्षरे : ‘हत्तीण साधारण एवढी.’

कळा सुरू झाल्या तेव्हा गजराबाई धापा टाकत आल्या. त्यांनी घराला एक फेरी घातली. मग दुसरी.

“अहो हुदहुदराव, दार कुठे आहे?”

हुदहुदरावांचा तुरा आडवा पडला. मुलांनो, त्यांनी जन्मात कधी दार काढलेच नव्हते. भांडण झाले, की सुगरणबाई सवयीने दार ठेवत, आणि ते नकाशात नसते हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

सुगरणबाईंनी पान धरले. त्यांचा आवाज बारीक झाला. “जुळते.”

“नकाशा आणि घर यांत काडीचा फरक नाही,” कोल्हा म्हणाला. “ही मातीची हत्तीणही जुळते. न जुळणाऱ्या तेवढ्या एकट्या तुम्हीच आहात, गजराबाई.”

“मग मी परत जाऊ? माळावर तरस आहेत, मेल्या.”

“बाई,” हुदहुदराव सुगरणबाईंना हळूच म्हणाले, “दार कोणत्या बाजूला काढतात?”

“ज्या बाजूने हत्तीण येते, त्या बाजूला. लवकर काढा.”

त्यांनी घाईघाईने नव्या पानावर दार काढले. घाईतही कोयरीची नक्षी सोडली नाही. वाळवीने पान खाल्ले आणि भिंतीवर मातीचे दार उठले. नक्षीदार, भक्कम आणि बंद.

“राव, उघडे दार काढायचे होते.”

“उघडे दार म्हणजे नुसती मोकळी जागा, बाई. मोकळी जागा काढायची कशी?”

“न काढता.”

एवढ्यात तरस माळ उतरून आले. गजराबाईंना मोठी कळ आली. त्यांनी आधारासाठी भिंतीला अंग टेकले. आधी दार गेले, मग भिंत गेली. गजराबाई आत, धूळ बाहेर, आणि त्या धुळीत सोंड उंचावलेली, हसणारी दुसरी हत्तीण. तरसांनी एकीऐवजी दोन हत्तिणी पाहिल्या, आणि त्यांतली एक हसत होती. ते जे पळाले, ते वाघाच्या जंगलात जाऊन थांबले.

आत पिलू जन्मले. उभे राहिले. पडले. पुन्हा उभे राहिले.

“तरसांचा बंदोबस्त नकाशातच होता,” कोल्हा म्हणाला.

सिंह मात्र काळजीत पडला. नकाशात भिंत होती. घरात खिंडार होते. वाघाला कळले तर? तेव्हा हुदहुदरावांनी खिंडारासमोर बसून त्याचा हुबेहूब नकाशा काढला, ढिगाऱ्यासकट. वाळवीने तो खाल्ला. तिने घर पाडले, पुन्हा बांधले, आणि एक भिंत कोसळलेलीच बांधली.

सुगरणबाईंनी पान धरले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “जुळते.”

ढोल वाजले. हुदहुदरावांना खिंडाराबद्दल मानाचा तुरा मिळाला. तुरा त्यांना मुळातच होता. हा वर लावला. तेव्हापासून त्या जंगलात प्रत्येक घर एका बाजूने पडलेलेच बांधतात. आत जाता येते, म्हणून प्राणी आनंदात आहेत. कासवाच्या चौथऱ्याची एक बाजू पाडण्याचा नकाशाही काढायला घेतला आहे. त्यासाठी हुदहुदरावांनी बाईंना फांदीवर बोलावले आहे, गुपचूप, जांभळे घेऊन.

तात्पर्य : मुलांनो, भांडण फार वाईट. दोघांनी दोन गोष्टी म्हटल्या, की त्यांतून दार निघते. दोघांनी मिळून एकच चूक करावी. तिला एकवाक्यता म्हणतात. आत शिरण्यासाठी भिंत पाडायला हत्तीण असतेच.