दोन चमचे, समभाग पाण्यातून

सासूबाईंच्या पिशवीत बाटली आहे, हे अहिल्येला लक्ष्मी गेटच्या वळणावरच कळलं. ऑटो खड्ड्यात आपटली, पिशवीतून डुचमळल्याचा आवाज आला, आणि तो आवाज तिच्या चांगलाच ओळखीचा होता.

बाळ झाल्यापासून अहिल्येला सगळेच आवाज ऐकू येत. पाळण्याची कडी जरा कुरकुरली तरी ती झोपेतून उठून बसे. खुळखुळ्याचा रंग ती नखानं खरवडून पाही. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय पुडा फोडत नसे. रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाल्याचा तिला आजवर एवढाच उपयोग झाला होता, आणि या उपयोगातूनच तिची सासूबाईंशी लढाई जुंपली होती.

लढाईचं कारण मानिक चौकातल्या वैद्यांचं द्राक्षासव. बाळंतिणीनं जेवणानंतर दोन चमचे, समभाग पाण्यातून घ्यावं, हा त्या घरचा शिरस्ता. अहिल्येच्या नवऱ्याचा, मधुसूदनचा जन्म झाला तेव्हापासून सासूबाईंनी, म्हणजे रुक्मिणीबाईंनी, तो एकदाही चुकवला नव्हता. अहिल्येनं मात्र पहिल्याच दिवशी बाटली उलटी करून लेबल वाचलं.

"आई, यात अल्कोहोल आहे. द्राक्षं आंबवून केलंय. म्हणजे ही दारूच झाली."

"दारू बाटलीत असते."

"हेही बाटलीतच आहे."

"ही औषधाची बाटली आहे," रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि सुनेच्या डोळ्याला डोळा भिडवून आपले दोन चमचे प्यायल्या. तेव्हापासून रोज तशाच पीत होत्या. मूल अंगावर पीत होतं, त्यामुळे अहिल्या थेंबालाही शिवली नव्हती.

आज मात्र प्रश्न कमलचा होता. कमल तिची नणंद, सिविल लाइंसमधल्या बँकेत नोकरीला. त्याच बँकेत ग्वाल्हेरचा दत्तात्रेय होता. दोघांचं ठरून जमाना झाला होता; अडलं होतं ते त्याच्या वडिलांच्या होकारापाशी. आबासाहेब व्यसनमुक्तीवर व्याख्यानं देत. फोनवर त्यांनी मधुसूदनला सांगितलं होतं, "हुंडा नको, मानपान नको. फक्त घरात कोणी घेणारं नको." मधुसूदननं छातीठोकपणे सांगितलं, "थेंबसुद्धा नाही."

दारू मिळते त्या हॉटेलात आबासाहेब पाऊल टाकत नसत. म्हणून मधुसूदननं गावाबाहेरच्या तलावावरची बोट शोधून काढली. दुमजली बोट, वर निळ्या दिव्यांनी ‘क्रूझ’ लिहिलेलं, आणि त्याखाली ‘शुद्ध शाकाहारी, पारिवारिक’. तेवढं वाचून त्यानं आजच्या भेटीसाठी टेबल ठरवलं होतं.

"वहिनी, बाकी मी बघून घेईन," ऑटोतून उतरताना कमल कानात म्हणाली, "तू फक्त आईला सांभाळ. प्लीज. एक शब्द इकडचा तिकडे झाला ना, तर गेली भैंस पानी में."

"पिशवीत बाटली आहे."

कमलनं डोळे मिटले. "बाहेर नको येऊ देऊस."

आबासाहेब फळीवरून बोटीवर चढले ते सभागृहात शिरावं तसे. पांढरा सदरा, काळी टोपी, मागे मान खाली घातलेला दत्तात्रेय. बसण्यापूर्वी त्यांनी पाण्याचा पेला उजेडात धरून पाहिला आणि मगच खाली ठेवला. भोंगा वाजला, बोट थरथरली आणि काठ मागे सरकू लागला. अहिल्येनं बाळाला मांडीवर घेतलं, एक पाय सासूबाईंच्या पिशवीवर ठेवला आणि सुपाकडे न पाहता बसून राहिली. सकाळपासून धसक्यानं तिच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता.

सुरुवात फार चांगली झाली. आबासाहेबांनी कमलला दोनच प्रश्न विचारले आणि दोन्ही उत्तरांवर मान हलवली. मग ते रुक्मिणीबाईंकडे वळले.

"आपली प्रकृती उत्तम दिसते. या वयात ही टवटवी! रहस्य काय?"

"रहस्य कसलं आलंय?" रुक्मिणीबाई खुलल्या. "मी रोज घेते."

आबासाहेबांचा चमचा सुपातच थांबला.

"काय घेता?"

"रात्री. जेवण झाल्यावर. मधू झाला तेव्हापासून. एखादे दिवशी नाही घेतलं ना, तर झोप म्हणून लागत नाही."

"औषध!" अहिल्या जवळजवळ ओरडली. बाळ दचकलं. "आई औषध घेतात, काका. मानिक चौकातल्या वैद्यांचं."

"असं होय!" आबासाहेबांचा चमचा पुन्हा चालू लागला. "आयुर्वेद. उत्तम."

इथं कोणाही शहाण्या माणसानं विषय बदलला असता. पण आयुर्वेद शब्द निघाला की रुक्मिणीबाईंना राहवत नसे. "दाखवते ना," म्हणत त्या वाकल्या, अहिल्येच्या पायाखालून पिशवी ओढली आणि बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली. लेबलावर काळ्या द्राक्षांचा भलामोठा घोस होता.

कप्तानासारखी टोपी घातलेला मॅनेजर तेवढ्यात टेबलं बघत तिथवर आला. घोस पाहून त्याचा चेहरा उजळला.

"अरे वाह, माताजी! अपनी वाइन साथ लाई हैं? कोई बात नहीं, इसी महीने से अलाउड है. बस कॉर्केज लगेगा."

"क्या लगेगा?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"कॉर्केज. बाहर की बोतल हम खोलकर देते हैं न, उसका चार्ज."

"आप क्यों खोलेंगे? मुझे खोलना आता है. रोज खोलती हूँ."

कमलनं नॅपकिन तोंडाशी धरला. मधुसूदन उठून उभा राहिला. "भैया, ये वाइन नहीं है. दवाई है."

"अंगूर की है न?"

"अंगूर की ही है," रुक्मिणीबाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मॅनेजरनं बाटली फिरवली आणि बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली. "अल्कोहल, दस प्रतिशत. लो! वाइन में ग्यारह-बारह होता है. माताजी, नाम कुछ भी हो, बोतल तो बोतल है."

आबासाहेबांनी नॅपकिनची घडी घातली आणि ते उभे राहिले. "बोट काठाला लावा."

"साहब, चक्कर पूरा होने से पहले कैसे लगेगी? बीच में तो घाट ही नहीं है."

आबासाहेबांनी कठड्यावरून खाली पाहिलं. पाणी काळं होतं आणि बरंच होतं. ते पुन्हा खाली बसले, पण पाहुणा बसतो तसे नव्हे, साक्षीदार बसतो तसे.

"पैसे देऊन टाक," कमल भावाला दबक्या आवाजात म्हणाली, "हा गप्प तरी बसेल." मधुसूदननं मॅनेजरच्या हातात नोटा कोंबल्या आणि तो सलाम करून गेला.

"आबासाहेब, मॅनेजरचं काय घेऊन बसलात?" रुक्मिणीबाई दुखावल्या होत्या. "आमच्या घरात दारूचा वाससुद्धा येत नाही. हे बाळंतिणीला द्यायचं औषध. मी हिलाही किती आग्रह केला. पण ही घेईल तर शपथ."

"सूनबाई घेत नाहीत?" आबासाहेबांनी मान वळवली. "का?"

"म्हणते, ही दारू आहे."

टेबलाखाली कमलनं अहिल्येचा हात घट्ट धरला. दत्तात्रेयनं पहिल्यांदाच मान वर केली, आणि अशा नजरेनं अहिल्येकडे पाहिलं की तिला तिच्या बाळाचीच आठवण झाली.

"तुम्ही शिकलेल्या आहात," आबासाहेब म्हणाले. "लेबल वाचून बोलणाऱ्या दिसता. तुम्ही असं म्हणालात?"

अहिल्येच्या मनात सगळी समीकरणं उभी राहिली: साखर, किण्वन, अल्कोहोल. एकही खोडण्यासारखं नव्हतं.

"चेष्टेत म्हटलं असेल, काका. आमचं चालतं असं, सासूसुनांचं."

"म्हणजे हे औषध आहे?"

"औषधच आहे."

"अंगावर पाजणाऱ्या आईला चालतं?"

"चा… चालतं."

"मग घ्या." आबासाहेबांनी हाताची घडी घातली. "बाळाच्या जिवाला जपणारी आई जे घेईल ते औषध. ती मागे सरली, तर मद्य. मला दुसरी कसोटी ठाऊक नाही. घ्या, म्हणजे माझ्या मनातलं किल्मिष जाईल."

अहिल्येनं सासूबाईंकडे पाहिलं. रुक्मिणीबाईंच्या चेहऱ्यावर विजय होता, पण त्या माउलीनं तो आवरून धरला होता. "दोनच चमचे गं," त्या म्हणाल्या. "समभाग पाण्यातून." त्या पिशवीत चमचा शोधू लागल्या.

चमचा मिळायच्या आत वेटर आला. कॉर्केज भरलेलं होतं, आणि भरलेल्या पैशांचं काम चोख व्हायला हवं, असं त्या बोटीवर कोणीतरी त्याला बजावलेलं असावं. मनगटावर पांढरा रुमाल, हातात लांब दांडीचा काचेचा पेला. बाटली त्यानं आधी रुक्मिणीबाईंना दाखवली, मग झाकण फिरवून काढलं, झाकणाचा वास घेतला आणि पेल्यात धार धरली.

"भैया, दो चम्मच! दो चम्मच!"

"जी माताजी," वेटर म्हणाला, आणि पेला निम्म्याहून वर भरल्यावर बाटली अलगद फिरवून त्यानं शेवटचा थेंब रुमालात टिपला.

सगळे पेल्याकडे पाहत राहिले.

"पुन्हा बाटलीत ओतता येईल," मधुसूदन क्षीणपणे म्हणाला.

"काढलेलं औषध परत ओतत नाहीत," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "बाटली नासते."

अहिल्येनं बाळाला नवऱ्याच्या हाती दिलं. कमलकडे पाहिलं. ही मुलगी तिच्या बाळंतपणात बँकेतून येऊन रोज दुपटी धुवायची. अहिल्येनं डोळे मिटले आणि पेला रिकामा केला. लवंग, मनुका, आणि मागून कानापर्यंत चढत गेलेली एक ऊब. आता उद्यापर्यंत बाळाला वरचं दूध, हे तिनं पेला खाली ठेवता ठेवताच मनाशी ठरवून टाकलं.

आबासाहेब तिच्याकडे टक लावून पाहत होते. पोळ्या आल्या, भाजी आली, तरी त्यांची नजर हलली नाही.

"काही वाटतं?"

"छान वाटतंय," अहिल्या म्हणाली. आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण ते खरं होतं.

"जीभ जड?"

"नाही."

"बरं, वरच्या पाटीवर काय लिहिलंय, वाचा."

"क्रूझ. शुद्ध शाकाहारी. पारिवारिक," अहिल्येनं खणखणीत वाचलं. "‘शाकाहारी’तला ‘हा’ जरा वाकडा लावलाय, काका. पण चांगला दिसतो."

आबासाहेबांच्या मिशीला हसू फुटलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "संपलं. माझा संशय फिटला. दत्ता, मुलगी मला पसंत आहे. आता तुझं काय ते सांग." दत्तात्रेयनं वाकून वडिलांचे पाय धरले. कमल रडली आणि हसली, आणि मधुसूदननं लाडूंची ऑर्डर दिली.

या गडबडीत त्याच्या मांडीवरचं बाळ उतरून रांगत टेबलाखाली गेलं आणि कागदी नॅपकिनचा एक कोपरा चघळत बाहेर आलं. रुक्मिणीबाईंचं लक्ष आधी बाळाकडे गेलं, मग सुनेकडे. आता ही किंचाळणार, उडी मारणार, बाळाच्या घशात बोट घालणार. त्यांनी कानावर हात ठेवायची तयारी केली.

अहिल्या खुर्चीला पाठ टेकून बसली होती. वाऱ्यानं तिचे केस उडत होते.

"अगं अहिल्ये, बाळाच्या तोंडात कागद आहे!"

"असू दे हो, आई," अहिल्या शांतपणे म्हणाली. "सेल्युलोज आहे. पोटात विरघळत नाही. जसा जाईल तसा येईल."

रुक्मिणीबाईंनी स्वतःच वाकून बाळाच्या तोंडातून कागद काढला. मग त्या बराच वेळ सुनेकडे पाहत राहिल्या. बाळंतपणापासून या पोरीचे खांदे कानांना चिकटलेले असायचे. ते आज पहिल्यांदा खाली आले होते.

"मला तर इतक्या वर्षांत कधी असं वाटलं नाही," त्या हळूच पुटपुटल्या.

"काय म्हणालात?" आबासाहेबांनी विचारलं.

"काही नाही. मी आपली चमच्यानंच घेत आले," रुक्मिणीबाई अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या, आणि आपला पाण्याचा रिकामा पेला त्यांनी दोन बोटांनी वेटरच्या दिशेनं सरकवला.

"घ्या, विहीणबाई, घ्या," आबासाहेब म्हणाले. "औषधाला संकोच कसला?"