नऊशे इंची दार

सुताराचा फोन आला तेव्हा सर्व्हरताई टेबलाखाली वायरींच्या गुंत्यात शिरली होती. घरांचे आराखडे काढणाऱ्या त्या ऑफिसचं नेटवर्क ती एकटी सांभाळायची, म्हणून तिला हे नाव पडलं होतं.

"ताई, न्हाणीघराचं दार नऊशे इंच लिहिलंय," सुतार म्हणाला. "आत हत्ती अंघोळ करणार आहे का? तोही अंबारीसकट?"

"अहो, नऊशे मिलिमीटर! लाकूड कापलंत?"

"कापतोय कसला! आधी जंगल शोधायला हवं."

टेबलाखालून बाहेर येता येता तिनं ओळखलं, हा घोळ आपल्यामुळंच झालाय. महिन्याभरापूर्वी तिनंच ही शक्कल लढवली होती. सॉफ्टवेअरमधली बटणं, रंग, मापं प्रत्येकाची निराळी. कुणी दुसऱ्याच्या खुर्चीत बसलं, की "माझी रेघ कुठं गेली?" म्हणून बोंब ठोकायचं. शेवटी तिनं सर्व्हरवर सगळ्यांसाठी एकच प्रोफाइल, म्हणजे बटणं-रंग-मापांची एकच मांडणी, ठेवलं. त्याला कुलूप लावायचं तेवढं राहून गेलं. आता एकानं काही बदललं, की ते सातही जणांचं बदलायचं.

सुताराची तक्रार कानावर जाताच ऑफिसच्या मालकीण, बाईसाहेब, केबिनमधून बाहेर आल्या. "हा उपद्व्याप कुणाचा, ते मला उद्यापर्यंत कळलं पाहिजे. त्याला सरळ घरी बसवते."

सगळ्यांच्या माना आपोआप काकांकडे वळल्या. काका सर्वांत जुने ड्राफ्ट्समन, बोलणं अजूनही फूट-इंचातलं.

"माझे पिकलेले केस बघून आळ घेताय होय?" काका उखडले. "इंच माझ्या तोंडात असतात, कागदावर नाही!"

ताईनं सर्व्हरवरची नोंद उघडली. तीत मशीनचा नंबर नव्हता, नुसत्या वेळा होत्या. बदल रोज एकाच सुमारास होत होता, दुपारी दीड ते दोन. तेव्हा तर सातही जण मागच्या खोलीत डबे खात असतात, आणि काका भाजीवर टीका करत असतात. मग हे करतं कोण? भीती मागे पडली आणि तिला कुतूहलानं घेरलं.

दुसऱ्या दिवशी ती डबा सोडून सर्व्हरपाशी ठाण मांडून बसली. एक पस्तीसला प्रोफाइल हललं. अक्षरं टपोरी झाली, मिलिमीटरचे इंच झाले. त्या क्षणी जोडलेल्या मशीनचा नंबर स्क्रीनवर दिसला, आठ. टेबलं तर सातच! तिनं नंबरांची यादी काढून आठव्यावर बोट ठेवलं, आणि बोट तिथंच थिजलं.

दोनदा माघारी फिरून तिसऱ्यांदा तिनं केबिनचं दार वाजवलं. आत बाईसाहेब नाकावर चष्मा ओढून, जीभ दातांत धरून माउस सरकवत होत्या.

"सापडला का?" त्यांनी दचकून विचारलं.

"हो. म्हणजे... तुम्ही आत्ता इंच केलेत ना?"

"मी माझ्यापुरते केले."

"इथं कुणाचंच काही आपल्यापुरतं नाही, बाईसाहेब. चूक माझी. मी ते सगळ्यांना मोकळं ठेवलं होतं."

बाईसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पंचवीस वर्षं हातानं आराखडे काढले गं. हे मशीन आलं आणि मी नुसती सह्या करत राहिले. म्हटलं, दुपारी कुणी नसताना शिकावं. काकांना सांग, माझं चुकलं." मग जरा थांबून, "नको, मीच सांगते. बिचाऱ्यांना उगाच बोलणी बसली."

ताईनं तिथंच उभ्या उभ्या सामाईक प्रोफाइलला कुलूप घातलं आणि आठव्या मशीनला स्वतंत्र प्रोफाइल दिलं. इंच आणि टपोऱ्या अक्षरांसकट. मग तिची नजर स्क्रीनवर गेली. एक तिरकी खोली होती, तिला चारी बाजूंनी दारंच दारं.

"हे काय काढलंय?"

"ही केबिन."

"मग खिडकी कुठंय?"

"तीच काढतेय कालपासून," बाईसाहेब हळूच म्हणाल्या. "दरवेळी दारच होतंय. बस ना जरा."

ताईनं खुर्ची ओढली.