बेपत्ता जीव

माणूस पारखण्यात माझा हात धरणारं कुणी नाही! बढाई नाही मारत, विलायतेतल्या आमच्या स्लाऊ गावात कुणालाही विचारा. जीपी सर्जरीच्या, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या दवाखान्याच्या, रिसेप्शनवर बसते मी. माणूस दारातून आत आला, की त्याचा खोकला खरा आहे की सिक नोटपुरता, हे तो खुर्चीत टेकायच्या आत मी ओळखते.

त्यामुळे आमचा नकुल जेवताना म्हणाला, "आई, रविवारी तनिषाला चहाला आणतोय," तेव्हा माझे कान टवकारले.

"कोण तनिषा?"

"माझी गर्लफ्रेंड."

"बरं. काय करते?"

"फायरफायटर होतेय. ट्रेनिंग संपतच आलंय तिचं."

माझ्या हातातला डाव वरणात बुडाला, तो थेट तळाला गेला!

आमचे हे, म्हणजे श्रीकांत, मात्र खूश. "सरकारी नोकरी! शिकतानाच पगार देतात त्यात. वर पेन्शन!" माणूस आगीत उडी मारतो की विहिरीत, याच्याशी यांना देणंघेणं नाही. पेन्शन आहे ना, मग मारू दे!

नकुलने माहिती पुरवली. मुलगी लेस्टरला जन्मलेली, आजी-आजोबा साताऱ्याचे, मराठी बोलते, "म्हणजे, ट्राय करते."

नकुल वर गेल्यावर मी यांना म्हटलं, "मला ही मुलगी आधी बघायचीये."

"अगं, रविवारी येतेच आहे की."

"रविवारी माणूस इस्त्री करून येतो हो! मला चुरगळलेला बघायचाय."

"देवयानी, काहीतरी उद्योग करू नकोस."

'उद्योग करू नकोस' म्हटलं की माझ्या अंगात वीज संचारते. फेसबुकवर शोधलं, तर चमत्कार! तनिषाच्याच ट्रेनिंग सेंटरला शनिवारच्या फायनल एक्सरसाइजसाठी 'जखमी', म्हणजे यांच्या भाषेत 'कॅज्युअल्टी', हवे होते. शिकाऊ फायरफायटर्सनी तुम्हाला धुरातून शोधून बाहेर काढायचं, तुम्ही नुसतं पडून राहायचं. वर चहा आणि सँडविच. भावी सून कामात कशी आहे ते बघायला याहून चांगली जागा कुठली? मी माहेरचं आडनाव लावून नाव दिलं: देवयानी राजोपाध्ये.

शनिवारी यांना "मैत्रिणीकडे जाते" सांगून मी सेंटरला पोचले. मोठ्या मैदानाच्या मधोमध काळवंडलेली काँक्रीटची तीन मजली इमारत उभी होती. आत खोट्या खोल्या, लोखंडी पलंग, लोखंडी टेबल. दरवेळी जळणार म्हणून सगळं लोखंडाचंच. आज मात्र आग नव्हती, नुसता नाटकातला निरुपद्रवी धूर.

मुख्य इन्स्ट्रक्टर होता मॅकॅलम. ग्लासगोचा. आणि ग्लासगोचं इंग्रजी म्हणजे तोंडात गरम बटाटा धरून म्हटलेला पाढा! त्याने माझं आडनाव वाचायचा तीनदा प्रयत्न केला आणि शेवटी मला 'मिसेस आर' करून टाकलं.

"इंग्रजीखेरीज कुठली भाषा येते?" एवढं मला कळलं.

"मराठी!"

त्याला इतका आनंद झाला, की जणू मी सोन्याची खाण दाखवली. "उत्तम! मग तुम्ही इंग्रजीचा एकही शब्द न येणारी आजी!"

आजी?! मी त्याच्याकडे असं बघितलं, की सर्जरीतला पेशंट असता तर उठून घरी गेला असता. पण कलाकाराने भूमिकेत डावं-उजवं करू नये. मराठी मंडळाच्या प्रत्येक नाटकात मी असते हो! मॅकॅलमने मग बरंच काही समजावलं. खरंच काही त्रास झाला तर एक शब्द ओरडायचा, लगेच सगळं थांबवतात. तो शब्द एक फळ होता. कुठलं फळ, ते बटाट्याखाली दबलं. विचारायची लाज वाटली, म्हणून मी मान डोलावली.

गालाला काजळी फासून, कपाळावर खोटं रक्त लावून मला वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये नेलं. "पलंगाशेजारी पडून राहा," म्हणून मॅकॅलम खाली गेला.

पलंगाशेजारी! दारातून आत आलं की पहिली मीच दिसणार. यात त्या मुलीची कसली परीक्षा? शोधू दे की जरा! मी हळूच सरपटत पलंगाखाली शिरले. भोंगा वाजला, धूर भरायला लागला. आणखी आत सरकायला गेले, तर डोकं जागचं हलेना! माझा अंबाडा, त्यातल्या सगळ्या आकड्यांसकट, पलंगाच्या तारांच्या जाळीत अडकला होता.

हात वर नेला, तर कोपर पलंगाला आपटलं. मान वळवली, तर केस उपटून निघतायत असं वाटलं. धूर निरुपद्रवी आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण काळ्याकुट्ट खोलीत, पलंगाखाली, शेंडी बांधल्यासारखं पडलेलं असताना ते आठवत नाही हो! आणि घाबरले, की माझं इंग्रजी आधी पळून जातं. तीस वर्षं या देशात काढली, पण ठेच लागली की 'आई गं'च निघतं ना?

तेवढ्यात दारात बूट वाजले. बॅटरीचा झोत फिरला. मी ओरडले, "अगं बाई, इकडे! पलंगाखाली!"

"ओ माय गॉड, मराठी!" मास्कमधून आवाज आला, बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा. एक हेल्मेट जमिनीशी टेकलं. "आजी, घाबरू नको. माझा नाव तनिषा."

"माझं नाव!" अडकलेल्या अवस्थेतही माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुमचा नाव पण तनिषा?"

काय बोलणार! मी मुद्द्यावर आले. खरंच अडकलेय हे कळायला तो शब्द हवा होता. फळ, फळ, कुठलं फळ?

"मँगो!" मी ओरडले. काही थांबलं नाही. "बनाना! पपई! पेरू! फणस!"

"आजीला भूक लागलीये," तनिषा तिच्या जोडीदाराला, ऑलीला, इंग्रजीत म्हणाली. "सारखी फळं मागतेय. शुगर लो असणार."

पुढच्या क्षणी माझ्या तोंडात संत्र्याच्या चवीचं गोड चिकट जेल! "अननस" माझ्या ओठांवर आलाच होता, तो जेलबरोबर पोटात गेला. (तोच शब्द होता, हे नंतर कळलं.)

जेल गिळून मी कळवळून म्हणाले, "अगं, जीव टांगणीला लागलाय माझा!"

मास्क माझ्या तोंडाशी आला. "कोण?"

"जीव गं, जीव!"

तनिषा रेडिओवर जे बोलली, ते मला नीट ऐकू आलं नाही. नंतर कळलं, ते होतं: "दुसरी कॅज्युअल्टी आहे! नाव जीव. कुठेतरी लटकतोय!"

मग मला विचारलं, "आजी, जीव कुठे आहे? वर की खाली?"

"वरखाली होतोय नुसता!"

"तो जिन्यावर आहे!" तनिषा रेडिओवर.

"जीव कसा आहे? मोठा?"

"कसला मोठा! एवढासा झालाय गं!" मी चिमूट दाखवली.

"लहान मूल आहे!"

खाली मैदानावर मॅकॅलमच्या पायांखालची जमीन सरकली. त्याच्या आराखड्यात या इमारतीत एकच जखमी होता. म्हणजे या बाईने बरोबर नातू आणला आणि तो धुरात हरवला! त्याने एक्सरसाइज तिथेच थांबवला. धूर बंद झाला, मोठे पंखे घरघरू लागले, दिवे लागले, आणि मैदानावरचे सगळे स्क्वॉड इमारतीत घुसले. जिन्यावर बुटांचा धडधडाट! प्रत्येक मजल्यावरून हाका! मला शब्द कळत नव्हते, पण गडबड कळत होती. आणि खरं सांगू? मला वाटलं, हा माझ्या अभिनयाचा परिणाम!

ऑली 'जीव'ला शोधायला पळाला. तनिषाला मात्र सूचना होती, कॅज्युअल्टीला एकटं सोडायचं नाही. ती पलंगाखाली पोटावर सरपटत आली, मास्क काढला आणि माझा हात घट्ट धरला. घामाने निथळलेली, गालावर मास्कचे वळ, केस कपाळाला चिकटलेले. यापेक्षा चुरगळलेला माणूस मी पाहिला नव्हता!

"मी कुठे जात नाही," ती म्हणाली. "तू जाशील तेव्हा मी जाईल. ओके?"

आणि काय सांगू, माझी धडधड थांबली. हिचं व्याकरण कच्चं होतं, पण पकड पक्की होती.

तिने माझ्या डोक्यामागे बॅटरी मारली. आकडे काढायचा खूप प्रयत्न केला. मग हळू आवाजात म्हणाली, "आजी, आय ॲम सो सॉरी," आणि कमरेची कात्री काढली.

"नको! अगं, लग्नापासून वाढवलेत—"

कच्च!

अंबाडा पलंगाला लटकत राहिला, मी खाली आले. पुढच्या क्षणी तिने मागून माझ्या काखांत हात घातले आणि मला उचलून, ओढत, जिन्यावरून पायरी पायरी खाली न्यायला सुरुवात केली. माझं वजन मी कुणाला सांगत नाही. पण त्या मुलीला ते आता ग्रॅमपर्यंत माहीत आहे. पायरीगणिक ती "शाबास आजी, शाबास" म्हणत होती. सासू सुनेला उंबरठ्यातून आत घेते, अशी आपल्याकडे पद्धत. इथे सूनच सासूला फरफटत उंबरठ्याबाहेर काढत होती!

बाहेर बघते तर काय, सगळं मैदान 'जीव! जीव!' म्हणून ओरडतंय! कुणी झुडपांत बघतंय, कुणी पाण्याच्या टाकीवर चढलंय. ॲम्ब्युलन्स येऊन उभी. मॅकॅलम माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. चेहरा पांढराफटक. तनिषाने विचारलं, "आजी, आता सांग. जीव कुठे आहे?"

मी मोकळ्या हवेत लांब श्वास घेतला. "आता बरं वाटलं गं! जिवात जीव आला!"

तनिषाने डोळे विस्फारले. "सर! दोन आहेत! एका जीवच्या आत दुसरा जीव आला!"

"दोन?!" मॅकॅलमने कपाळाला हात लावला.

आणि तेव्हा, वाचकहो, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आता नाटक बंद! मी होतं नव्हतं ते इंग्रजी गोळा केलं आणि मॅकॅलमचा हात धरून ओरडले, "नो, नो! देअर इज नो चाइल्ड! जीव इज माय लाइफ!"

मॅकॅलमचे डोळे भरून आले. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. "असणारच हो, मिसेस आर. आम्ही शोधू त्याला."

आता कुत्री मागवणार होते! तेवढ्यात गेटातून एक ओळखीची गाडी आत आली. तनिषाला न्यायला नकुल आला होता. तो हसत उतरला, गर्दी पाहून थबकला, आणि मग त्याला मी दिसले. काजळी, रक्त, तोंडाला संत्र्याचं जेल, डोक्यावर अर्धवट कापलेलं गवत.

"आई?!"

तनिषाने त्याच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "युअर मम?"

नकुलने दोन मिनिटांत सगळा उलगडा केला. जीव कुणी मूल नाही, ती बोलायची पद्धत आहे. सगळ्या हेल्मेटांची तोंडं माझ्याकडे वळली. मी आयुष्यात पहिल्यांदा सँडविच नको म्हटलं.

मॅकॅलम उठला, गुडघे झटकले. मी विनवलं, "हिला नापास नका करू. चूक माझी आहे. मीच जागा बदलली, मीच नाव लपवलं."

"नापास?" तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा शब्दन् शब्द मला कळला. "सांगितलेल्या जागी नसलेली कॅज्युअल्टी हिने शोधली, सोडली नाही आणि सुखरूप बाहेर आणली. ही पास आहे. तुम्हाला मात्र आम्ही पुन्हा बोलावणार नाही."

नकुलने मला गाडीतून घरी आणलं. घरी यांनी दार उघडलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मैत्रीण हेअरड्रेसर आहे का?"

रविवारी तनिषा आली. इस्त्रीचा कुर्ता, हातात फुलं. दारातच माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "काकू, तुमची केस... मला फार वाईट वाटलं."

"तुमचे केस," मी म्हटलं, आणि तिला मिठी मारली. वाढतील मेले! अशी पोरगी पुन्हा थोडीच मिळणार? मी पारखली होती, चुरगळलेली असताना पारखली होती, आणि शंभर नंबरी सोनं निघालं होतं. आमचे हे तर लगेच तिच्याशी पेन्शनवर बोलायला लागले.

मी कांदेपोहे करायला आत गेले. मोहरी तडतडली, मिरचीचा ठसका उठला, स्वयंपाकघर धुराने भरलं. तनिषा दारात येऊन उभी राहिली. म्हटलं, बघा, मदतीला आली! पण ती पोह्यांकडे बघतच नव्हती. ती मान वर करून छताकडे बघत होती.

"काकू," ती अगदी मॅकॅलमच्या आवाजात म्हणाली, "एवढा धूर झाला. तुमचा स्मोक अलार्म का नाही वाजला?"

तिने स्टूल ओढलं, वर चढली, झाकण उघडलं. आत रिकामं.

"बॅटऱ्या कुठे आहेत?"

यांनी पेपर तोंडावर धरला. नकुल बाहेर सटकला. आणि मी, अख्ख्या स्लाऊला पारखणारी बाई, पोहे ढवळत खाली मान घालून उभी!

आता तिला कसं सांगू, की त्या बॅटऱ्या गणपतीपासून देवघरातल्या लुकलुकत्या माळेत आहेत!