व्हॉयेजर सीतारामपंत

"मागच्या वेळी कृष्णविवर ऐकता ऐकता निम्मे लोक उठून गेले. आज उठले, तर विज्ञानमाला बंद. पुढच्या महिन्यापासून गुडघेदुखी," सदाशिव पेठेतल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यवाह दत्तप्रसाद यांनी आजचे वक्ते अवधूतराव यांना बजावलं.

अवधूतरावांचा व्हॉयेजर यानावर फार जीव. सत्त्याहत्तर साली निघालेलं यान सगळे ग्रह मागे टाकून अजून चाललंय, हे सांगताना त्यांना आजही भरून येई. ते अंतर लोकांना कळावं म्हणून त्यांनी युक्ती काढली. सूर्य संघाच्या हॉलमध्ये, नेपच्यून राजाराम पुलावर आणि यान थेट खडकवासल्याला! यान म्हणून संघाचे अत्यंत आज्ञाधारक सभासद सीतारामपंत पाचच्या ठोक्याला स्कूटरवरून निघाले. सूचना एकच होती, "मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. यान थांबत नाही."

पंतांचे फोन स्पीकरवर येऊ लागले.

"नेपच्यून आला. सिग्नल लाल आहे."

हॉल खदखदून हसला. पावणेसहाला आवाज आला, "धरण आलं!" टाळ्या पडल्या आणि अवधूतराव असे रंगले, की थांबा म्हणायचंच राहिलं. "वीज वाचवायला यानावरचं एकेक यंत्र बंद करत आणलंय, तरी पठ्ठ्या चाललाय!" ते म्हणाले. पलीकडे पंतांनी ते ऐकलं आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला, तर लागेना.

पहिल्या रांगेतून पंतांच्या पत्नी मंदाकिनीबाई उठल्या. "अहो, तुमचं यान परत येत नाही म्हणालात. आमचं यायला हवंय!"

"पेट्रोल किती असेल?" दत्तप्रसादांनी विचारलं.

"सकाळीच टाकी फुल्ल केलीय!"

सहा वाजले. एरवी सहाला चपला शोधणारा हॉल जागचा हलला नाही. चहा आला, तोही लोकांनी बसल्या जागी घेतला. पावणेसातला फोन वाजला.

"पानशेत आलं. वीज वाचवायला फोन बंद ठेवला होता," पंत म्हणाले. "पुढे जाऊ?"

"थांबा!" सगळा हॉल एकदम ओरडला. मंदाकिनीबाईंनी डोळे पुसले.

एकही खुर्ची रिकामी नव्हती. दत्तप्रसादांनी माइक घेतला. "विज्ञानमाला चालू राहील. पुढच्या महिन्याचे वक्तेही ठरले आहेत."

अवधूतरावांनी नम्रपणे मान झुकवली.

"सीतारामपंत."

पहिली टाळी अवधूतरावांनीच वाजवली.