अण्णांच्या गाडीतला एक दोष

भारतात यंत्रयुग नेमके कधी अवतरले याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. आमच्या चिंचवडात ते नाहीत. इथे ते खंडूअण्णांच्या दारात, साऱ्या आळीच्या साक्षीने, हलगीच्या तालावर अवतरले. त्याला दोन बैलजोड्यांनी ओढून आणले होते.

लढाई संपल्यावर देहूरोडला लष्कराच्या जुन्या सामानाचे लिलाव होत. त्यातल्या एका लिलावात अण्णांनी ही गाडी घेतली. पुढे दोन माणसांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. लष्करात तिला पिकप म्हणत. अण्णांनी तिला कधी पिकप म्हटले नाही आणि खटारा तर कुणाला म्हणू दिले नाही. ते नुसते 'गाडी' म्हणत, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणत, घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावे तसा.

"बाकी टंच हाय वो मास्तर," ते मला म्हणाले, "येकच दोष ऱ्हायलाय."

मी गावातल्या शाळेत मास्तर होतो आणि अण्णांच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होतो. माझी खिडकी बरोबर गाडीसमोर उघडे. हे वाक्य मी त्या खिडकीतून पुढे कित्येक वर्षे ऐकले. पिंपरीला सरकारी कारखाना उभा राहिला आणि देशाची चाके आता फिरू लागली आहेत असे एका मोठ्या पाहुण्याने भाषणात सांगितले, त्या संध्याकाळीही ऐकले. देशाची फिरत असतील. अण्णांच्या गाडीच्या चाकांशी दुर्वा उगवल्या होत्या आणि अण्णांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्या तोडून गणपतीला वाहत असत.

पण अण्णांची खरी तऱ्हा ही नव्हे. त्यांच्या गाडीचा कार्बोरेटर देव्हाऱ्यात असे. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला पेट्रोल बेताबेताने पाजणारे लोखंडी यंत्र. खंडोबाचा टाक आणि शंख यांच्या मधे त्याची जागा होती. त्याला गंध लावत नसत, पण धूप मिळे.

"देवाला पेट्रोलचा वास येतोय," वहिनी म्हणत. "येखाद्या दिशी निरांजनानं देवासकट घर जायचं."

"देव बघून घील," अण्णा म्हणत. कुणाला, ते सांगत नसत.

हा कार्बोरेटर देवापाशी पोहोचला तो भक्तीमुळे नव्हे, वाटणीमुळे. अण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ शंकर एकत्र राहत होते. गाडी अण्णांनी दोघांच्या सामाईक पैशातून, शंकरला न विचारता घेतली. मळ्यातली वांगी पुण्याच्या मंडईत न्यायचा बेत होता. शंकर फिटरचे काम शिकलेला. गाडी दारात आली तेव्हा त्याने तिचे तोंड उघडून आत पाहिले, मग बैलांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "दादा, ह्यास्नी मातुर इकू नगं."

आळी हसली. अण्णांनी त्या दिवशी फेटा बांधला होता. फेटा बांधलेल्या माणसाला दुसऱ्याचे हसू सोसत नाही.

"लई शाना झालास," अण्णा म्हणाले. "तुजा हिस्सा घे आन नीघ."

शंकर निघाला. तळेगावला एका कारखान्यात फिटर लागला आणि बायकोला घेऊन तिकडेच राहिला. मग पंच बसले. जमीन वाटली, बैल वाटले, भांडी वाटली. पाटा एकाकडे गेला आणि वरवंटा दुसऱ्याकडे. गाडीपाशी मात्र पंच अडले. पुढची बाजू थोरल्याला आणि हौदा धाकट्याला, असेही एकाने सुचवून पाहिले. अखेर ठरले ते असे: दोघा भावांनी मिळून गाडी दुरुस्त करावी, चालू झाली की विकावी आणि येईल ते निम्मे निम्मे घ्यावे. एकट्याने कुणी हात लावू नये म्हणून रविवार सोडून बाकीचे दिवस कार्बोरेटर देव्हाऱ्यात ठेवावा. देवासमोर लबाडी करील असा माणूस या घरात नाही, असे पंचांना वाटले. पंचांना बऱ्याच गोष्टी वाटत असतात.

त्यानंतर दर रविवारी शंकर सकाळच्या आगगाडीने येऊ लागला. एका पिशवीत हत्यारे आणि एका बाटलीत पेट्रोल. पेट्रोल तो आल्याआल्या टाकीत ओती. दोघा भावांत अबोला होता, आणि अबोला नीट चालायचा तर मधे एक बोलणारा लागतो. ती नेमणूक माझ्याकडे आली.

"मास्तर," गाडीखालून शंकरचा आवाज येई, "त्यास्नी म्हनावं, ल्हानगा पाना द्या."

अण्णा त्याच्यापासून हातभर अंतरावर उकिडवे बसलेले असत. तरी मी खिडकीतून म्हणे, "अण्णा, लहान पाना."

"मास्तर, म्हनावं, त्यो मागल्या बारीला खिशात घालून तळेगावला न्हेलासा."

"मास्तर, म्हनावं, आधी सोताचा फेटा चाचपा."

पाना फेट्यात असे. अण्णा गाडीखाली शिरतानासुद्धा फेटा काढत नसत, आणि हातातली वस्तू कुठे ठेवावी हे न सुचल्यास त्यात खोवत. फेटा मूळचा केशरी होता असे जुने लोक सांगत.

अण्णांच्या हाताला यश असे नव्हतेच. बोल्ट धरला की निसटे, दिवा धरला की विझे. दुपारी वहिनी शंकरला सरळ हाक मारत, त्यांचा अबोला नव्हता. अण्णा मात्र ताटावरूनही माझ्याकडेच बघत.

"मास्तर, भरीत वाढून घ्या म्हनावं. तळेगावात मिळत नसंल."

"मिळतंय म्हनावं, मास्तर. पन घशाखाली उतरत न्हाई."

हे शेवटचे वाक्य मी पोहोचवत नसे. पोहोचलेले असे.

शंकरच्या कामाला शिस्त होती. तो सुरुवात मागच्या चाकांपासून करी. चाके, स्प्रिंगांचे पाटे, ब्रेक असे एकेक उघडून, पुसून, पुन्हा बसवत दिवसभरात इंजिनापाशी येई. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. सर्व शक्यता क्रमाने तपासण्याची ही शास्त्रीय पद्धत मी वर्गात मुलांना उदाहरण म्हणून सांगत असे. उन्हे उतरली की शंकर कार्बोरेटर बसवी आणि पुढून हँडल मारी. गाडी दम्याच्या रोग्यासारखी दोनदा खोकून गप्प होई.

"येक दोष ऱ्हायलाय," अण्णा गाडीला उद्देशून म्हणत.

शंकर पिशवी भरी. वहिनी कार्बोरेटर आत नेत. दूर पिंपरीकडे कारखान्याचा भोंगा होई. रस्त्यावरून नव्या नोकरीची माणसे सायकली ढकलत घरी जात, आणि हे दोन पिकल्या केसांचे भाऊ राकेलने हात धूत एकमेकांकडे पाठ करून उभे असत. मी खिडकी लावून घेई. जगात बघण्यासारख्या गोष्टी कमी असतील, पण इतक्या कमी नव्हत्या.

एका रविवारी मला पुण्याला जायचे होते म्हणून शंकरबरोबर स्टेशनपर्यंत चाललो. दिवसभराच्या अपयशाने माणूस खचला असेल, चार शब्द बोलावेत, असे वाटले.

"शंकरराव, एवढं सगळं उघडून बघता. तरी दोष कुठे असेल हो?"

"कार्बोरेटरात," शंकर म्हणाला. "पेट्रोलच्या भोकात तांदळाचा दाना बसलाय. कुकू लावलेला. देवाची अक्षता."

अण्णांची शनिवारची पूजा फार लांबते आणि त्या वेळी ते देवघराचे दार ओढून घेतात, हे मला माहीत होते. उतारवयात माणूस देवाकडे वळतो असे मी त्यावर मत बनवले होते.

"कधीपासून आहे?"

"पयल्या वर्सापास्नं. दसऱ्याला बदलत्यात वाटतं. औंदाचा जरा जाडा हाय."

"मग काढत का नाही तुम्ही?"

शंकरने माझ्याकडे असे पाहिले, की मी वर्गात ज्यांच्याकडे तसे पाहतो त्या मुलांची मला दया आली.

"काढला तर गाडी चालू व्हईल की, मास्तर. चालू झाली की इकायची. मग आईतवारी मी कुनाच्या दारात येऊ?"

थोडे पुढे गेल्यावर तो आपणहून म्हणाला, "शेवटाला कार्बोरेटर उघडताना जीव घाबरा हुतो बगा. दाना दिसला की बरं वाटतं. दादाला बोलू नगा. त्यास्नी वाटतंय, मला काय कळत न्हाई."

मी बोललो नाही. शास्त्रीय पद्धतीचे उदाहरण मात्र वर्गात देणे बंद केले.

पुढे एक रविवार शंकर आला नाही. अण्णा फेटा बांधून गाडीच्या पायरीवर बसून राहिले. "गाडी लेट असंल," ते म्हणाले. दिवसातून तळेगावच्या जेवढ्या गाड्या येत तेवढ्या येऊन गेल्या. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी सकाळच्या गाडीने शंकरच्या कारखान्यातला एक माणूस आला.

"शंकररावास्नी कावीळ झालीया," तो अंगणातूनच म्हणाला. "पोटात पानी झालंय. डागदर म्हनत्यात, घरच्यास्नी बोलवून घ्या."

अण्णा तडक आत गेले. देवाला हातही न जोडता कार्बोरेटर घेऊन बाहेर आले. वहिनींची गोधडी शिवायची सुई त्यांनी मागून घेतली आणि, न शोधता, न अडखळता, एका भोकात घालून दाणा बाहेर उडवला. तो अंगणात पडला. कोंबडीने टिपला. ज्या हातांतून वर्षानुवर्षे प्रत्येक बोल्ट निसटत आला होता त्या हातांनी कार्बोरेटर बघता बघता जागी बसवला. अण्णा पुढे झाले आणि हँडल मारले.

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

आळी दारांत आली. गाडी धडधडत होती, हौद्यातला पाचोळा उडत होता, चाकांशी दुर्वा थरथरत होत्या. पंचांपैकी एकजण समोरच राहत असे, तोही बाहेर आला. अण्णांनी त्याच्याकडे एकदा पाहिले. गाडी चालू झाली म्हणजे काय, हे त्या दोघांइतके कुणाला ठाऊक नव्हते.

वहिनी फडक्यात भाकरी-भरीत बांधून केबिनमध्ये चढल्या. अण्णा चाकामागे बसले, फेटा सारखा केला. दोन्ही हातांनी चाक धरले. ते थोडे डावीकडे फिरवले, थोडे उजवीकडे फिरवले.

"मास्तर," ते अखेर म्हणाले, "तुमास्नी चालवता येती व्हय?"

"नाही हो."

आळीत कुणालाच येत नव्हती. इतक्या वर्षांत तो विषय कधी निघालाच नव्हता.

"गाडीकडं बगा," एवढे म्हणून अण्णा उतरले आणि वहिनींना घेऊन स्टेशनकडे धावत सुटले.

तळेगावचे वहिनींनी नंतर सांगितले. शंकर डोळे मिटून पडला होता, हळदीसारखा पिवळा. अण्णा उशाशी बसले. त्यांनी सवयीने खिडकीकडे पाहिले. तिथे मास्तर नव्हता.

"शंकऱ्या," अण्णा म्हणाले, "गाडीत येक दोष ऱ्हायलाय रं."

दोष तेव्हा चिंचवडात, कोंबडीच्या पोटात होता.

"ऱ्हाऊ दे, दादा," शंकर म्हणाला. "आईतवारी बगतो."

पुढचा रविवार शंकरने बघितला नाही.

विकण्याचा विषय पंचांनी काढला नाही आणि शंकरच्या बायकोनेही काढला नाही. गाडी दारातच उभी आहे. कार्बोरेटर आता तिच्यातच असतो. देव्हाऱ्यातली त्याची जागा वहिनी रोज पुसतात आणि मोकळी ठेवतात. अण्णांची शनिवारची पूजा लवकर आटोपते.

मध्यंतरी मी त्यांना बोलते करावे म्हणून विचारले, "काय अण्णा, गाडी काय म्हणते?"

"टंच हाय, मास्तर," अण्णा म्हणाले. "येक बी दोष न्हाई."

यंत्राच्या दृष्टीने हे खरे आहे. तिच्यात पेट्रोल नाही, एवढेच. त्या रविवारी अण्णा ती माझ्यावर सोपवून गेले तेव्हा ती चालू होती, आणि बंद कशी करायची हे मला माहीत नव्हते. शंकरने बाटलीबाटलीने ओतलेले पेट्रोल संपायला दिवेलागण झाली.