मौनाचा गुरुवार

आमच्या जिंतूर रस्त्यावरच्या महाविद्यालयात व्यावहारिक लेखन हा विषय मी शिकवते. अर्ज, अहवाल, इतिवृत्त. नेमणूक हंगामी. हंगामी माणसाची सेवा सलग झाली तर तो कायम होतो, म्हणून संस्था वर्षातून एक दिवस मला कार्यमुक्त करते आणि दुसऱ्या दिवशी नव्याने नेमते. याला सेवाखंड म्हणतात. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमध्ये कॉलेज आठवडेच्या आठवडे उघडलं नाही, तरी सेवा अखंड धरली गेली. खंड आदेशानेच पडतो.

मला यात नवल वाटत नाही. सोळा सोमवारांतला एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. फरक इतकाच, की इथे सोमवार देवच चुकवतो.

कार्यमुक्तीचा आदेशही मीच लिहिते, कारण तो नीट लिहिणारं कॉलेजात दुसरं कोणी नाही. प्राचार्य माणिकरावांना तारखेची आठवणही मीच देते. यंदा ती तारीख गुरुवारी आली, आणि गुरुवारी माझं मौन असतं. आठवण राहिली, म्हणून आदेशही राहिला. मी दिवसभर फळ्यावर लिहून शिकवलं.

शुक्रवारी हेडक्लार्क पंडित हळूच म्हणाले, "बाई, पेढे आना. तुमी कायम झालात."

मी मनातल्या मनात दत्तमहाराजांना नारळ बोलले. तेवढ्यात प्राचार्यांचं बोलावणं आलं.

"बाई, काल तुमी एक शब्द तरी बोललात का?"

"नाही सर. मौन होतं. फळ्यावर लिहिलं. विषयच लेखनाचा आहे."

"वेळापत्रकात 'व्याख्यान' हाय. व्याख्यान झालं न्हाई, म्हंजे तुमी नव्हता. खंड आपोआप पडला."

"पन सर," पंडित म्हणाले, "बाईंनी हजेरी घेतली की."

"कशी?"

"बोट दाखवून."

"बोटाची हजेरी कोन्या परिपत्रकात हाय?"

पंडित परिपत्रकं शोधायला गेले, ते जेवूनच परतले.

साक्षीला वर्ग बोलावला. येलदरीची दोन पोरं धीट, ती तरी बोलतील असं वाटलं. कोणीच तोंड उघडलं नाही. प्राचार्यांनी अख्ख्या वर्गाचा खाडा मांडला आणि मला म्हणाले, "कालच्या तारखेचा आदेश लिहा."

"काल मी सेवेत नव्हते ना, सर?"

"म्हनूनच तुमी लिहायचा. बाहेरच्या मानसानं लिहिला की तो निःपक्षपाती."

मी लिहिला. त्यांनी वाचला, चष्मा पुसला. "लय कोरडा झालाय. जरा दुःख घाला."

मी 'जड अंतःकरणाने' घातलं. मग त्यांना सही करताना भरून आलं.

आता राहिलात तुम्ही. इथवर सगळं तुमच्यासमोर घडलं. मी पंडितांना विचारलं, वाचकांचं काय मांडू, हजेरी की खाडा? ते म्हणाले, "बोललं का कोनी त्यातलं?"

तुमचा आदेश लिहायला घेतलाय. दुःख घालू की कोरडाच ठेवू, तेवढं तरी बोला.