आईच्या सुवाच्य अक्षरातले बारा उंदीर

"माझ्या प्रयोगात पक्षपात शिरूच शकत नाही!" असं मी मॅडमना छातीठोकपणे सांगितलं होतं. मॅडम म्हणजे माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक. प्रबंधाची मुदत दोन महिन्यांवर आलेली, आणि सगळी मदार या एका प्रयोगावर.

प्रयोग साधा. उंदरांना मेंदूचा असा आजार द्यायचा, ज्यात शरीराचे पहारेकरी घरच्यांनाच चोर समजून बडवतात. मग सहा जणांना अँटीबॉडी टोचायच्या, सहा जणांना नुसतं मिठाचं पाणी, आणि अँटीबॉडींमुळे आजार बळावतो का ते बघायचं. शेपटी लुळी पडली की एक गुण, मागचे पाय गेले की तीन. गुण देणार मी, त्यामुळे कोणाला काय टोचलंय हे मला कळता कामा नये.

म्हणून लॅबमधल्या ताईने चिठ्ठ्या टाकून नंबरवार बाटल्या भरल्या आणि यादी पाकिटात बंद केली.

"एक प्रत माझ्याकडे ठेवू?" तिने विचारलं.

"अजिबात नको. दुसरी प्रत म्हटली की फुटलीच."

आईलाही मी हेच ऐकवलं आणि पाकीट तिच्या हवाली केलं. "मी पाया पडलो तरी मला देऊ नकोस."

आई शब्दाची पक्की. सात नंबरच्या उंदराने फारच डोकं खाल्लं तेव्हा मी खरंच पाया पडलो. तिने आशीर्वाद दिला, पाकीट नाही.

दीड महिन्याने मॅडमसमोर पाकीट फोडलं. आत मोत्यासारखं अक्षर. एक ते सहा अँटीबॉडी, सात ते बारा पाणी.

"चिठ्ठ्या अशा ओळीने निघाल्या?" मॅडमनी चष्मा काढला.

"हे माझं अक्षर नाही," ताई म्हणाली.

याच अक्षरात माझ्या शाळेच्या वह्यांवर नाव असायचं. मी तिथूनच फोन लावला.

"आई, पाकीट उघडलंस?"

"तुला देऊ नको म्हणालास. उघडू नको कुठे म्हणालास? आत नुसता गोंधळ होता रे. एक अँटीबॉडी, दोन पाणी, तीन पाणी, परत अँटीबॉडी. मॅडम काय म्हणतील? सहा सहा मोजून ओळीने लावून दिलं."

"आणि जुना कागद?"

"फाडला. दुसरी प्रत ठेवायची नाही ना?"

कुठल्या नंबरच्या बाटलीत काय होतं हे ताईला आता आठवणं शक्य नव्हतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "नवे उंदीर मागवा." प्रबंध सहा महिने पुढे गेला. पहारेकरी घरच्यांनाच कसे बडवतात हे चार वर्षं वाचत होतो, प्रात्यक्षिक आज झालं.

घरी सगळं नीट समजावलं तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाईट वाटलं.

"या वेळी पाकीट मॅडमकडेच ठेव," ती डोळे पुसत म्हणाली. "फक्त देण्याआधी एकदा मला दाखव. त्या ताईचं अक्षर फार वाईट आहे रे."